सरासरीआड लपलेला रुग्ण

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर केसपेपर हातात धरून बसलेल्या माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : ‘या उपचाराने मला बरे वाटेल का?’ वर्तमानपत्रातली बातमी मात्र वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ‘नैराश्यावर अमुक उपचार प्रभावी’, ‘तमुक औषध साध्या गोळीपेक्षा फारसे सरस नाही’ असे मथळे दर काही महिन्यांनी येतात. त्यांच्यामागे असते शेकडो रुग्णांची सरासरी. ती सरासरी खोटी नसते, पण ती कोणा एका रुग्णाचीही नसते. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हणून आपल्याला मोकळे होता येते. संशोधनाला तेवढ्यावर थांबता येत नाही. कोणत्या रुग्णाला, कोणत्या परिस्थितीत, कोणता उपचार किती लागू पडतो, हे त्याला आकड्यांनी सांगावे लागते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात हा प्रश्न नीट विचारला जातो का, हा आजचा मुद्दा आहे.

गोव्यात झालेला ‘मानस’ हा अभ्यास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ‘संगत’ ही गोव्यातील संस्था, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला हा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेला माणूस बहुधा थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. झोप येत नाही, अंग दुखते, छातीत धडधडते अशा तक्रारी घेऊन तो जवळच्या दवाखान्यात जातो. तिथेच, डॉक्टर नसलेल्या पण खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशक नेमल्या तर फरक पडेल का, हे पाहायचे होते. एकूण २४ ठिकाणे निवडली गेली. त्यांपैकी १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे होती आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. निम्म्या ठिकाणी समुपदेशक आल्या, निम्म्या ठिकाणी डॉक्टरांना रुग्णाच्या मानसिक तपासणीचा निष्कर्ष तेवढा कळवला गेला आणि नेहमीचे उपचार सुरू राहिले. कोणते ठिकाण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. जवळपास २,८०० रुग्ण अभ्यासात सहभागी झाले.

ज्यांचा आजार निदानाच्या निकषांवर पक्का ठरला होता, त्यांच्यापैकी किती जण सहा महिन्यांनी बरे झाले? समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५ टक्के, नसलेल्या ठिकाणी ५२.९ टक्के. फरक सुमारे १२ टक्क्यांचा. बातमी इथेच थांबली असती तर ‘समुपदेशनाचा माफक फायदा’ एवढाच मथळा झाला असता.

पण संशोधकांनी सरकारी आणि खासगी ठिकाणांचे आकडे वेगळे मांडले. सरकारी केंद्रांत समुपदेशक होत्या तिथे ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, नव्हत्या तिथे फक्त ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत समुपदेशक होत्या तिथे ६४.१ टक्के, नव्हत्या तिथे ६५.९ टक्के. म्हणजे सरकारी केंद्रांत २३ टक्क्यांहून अधिक फरक पडला आणि खासगी दवाखान्यांत काहीच नाही. १२ टक्क्यांचा जो ‘सरासरी फायदा’ दिसत होता, तो प्रत्यक्षात दोन्हींपैकी एकाही ठिकाणच्या रुग्णाला मिळालेला नव्हता.

हे चार आकडे चार खणांत लिहून पाहावेत. तीन खणांत पासष्टच्या आसपासचे आकडे आहेत. मागे पडलेला खण एकच : सरकारी केंद्रात गेलेला आणि समुपदेशक न मिळालेला रुग्ण. खासगी डॉक्टर रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखतो, त्याच्याशी दोन शब्द अधिक बोलतो, म्हणून तिथे समुपदेशकाने वेगळी भर पडली नसावी, असे एक संभाव्य स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे असो वा नसो, धोरणाच्या दृष्टीने मुद्दा स्पष्ट आहे. समुपदेशक मोजक्याच असतील तर त्या कुठे नेमायच्या, याचे उत्तर सरासरीत सापडत नाही, या चार खणांत सापडते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झाले, तेव्हा निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे दिसले. जिथे साधने इतकी अपुरी आहेत, तिथे ती चुकीच्या ठिकाणी खर्च करणे परवडणारे नाही.

एकाच वेळी दोन घटकांचा परिणाम तपासण्याच्या या पद्धतीला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो रुग्णालयातून नव्हे, शेतातून सुरू होतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले. १९२३ मध्ये त्यांनी विनिफ्रेड मॅकेंझी यांच्यासह बटाट्याच्या १२ वाणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न शेतकऱ्याच्या कामाचा होता : खतांचा परिणाम सर्व वाणांवर सारखाच होतो, की एका वाणाला एक खत मानवते आणि दुसऱ्याला दुसरे? उत्तर ‘सारखाच’ असेल तर सर्व वाणांसाठी एकच शिफारस पुरते. ‘वेगळा’ असेल तर प्रत्येक वाणासाठी वेगळा सल्ला द्यावा लागतो. त्या अभ्यासात वाणांनुसार लक्षणीय फरक आढळला नाही, आणि तेही उपयोगी उत्तरच होते. हीच पद्धत पुढे ‘टू-वे ॲनोव्हा’ या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतातील शेती संशोधनात ती रुजवण्यात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. शेतीत काम करणाऱ्यांसाठी त्यांनी मिळून लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ते कृषी संशोधकांच्या हाती कायम राहिले.

पद्धतीचे नाव जड असले तरी तिच्यामागची कल्पना घरच्या हिशेबासारखी आहे. महिन्याचा खर्च वाढला की आपण विचारतो, किती किराण्यामुळे, किती औषधांमुळे आणि किती किरकोळ? तसेच इथे सर्व रुग्णांच्या गुणांमधील एकूण चढउताराचे वाटे पाडले जातात. पहिला वाटा उपचारातील फरकाचा. दुसरा वाटा रुग्णाच्या प्रकाराचा, म्हणजे आजार सौम्य की तीव्र, रुग्ण स्त्री की पुरुष, केंद्र सरकारी की खासगी. तिसरा वाटा या दोघांच्या परस्परपरिणामाचा, म्हणजे रुग्णाच्या प्रकारानुसार उपचाराचा फायदा बदलतो का याचा. उरतो तो माणसा-माणसांतील नैसर्गिक फरक, ज्याचा हिशेब या दोन्ही घटकांनी लागत नाही. पहिल्या तीन वाट्यांपैकी प्रत्येक वाटा या उरलेल्या फरकाच्या तुलनेत पुरेसा मोठा आहे का, हे पाहून निष्कर्ष काढला जातो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नैराश्याच्या मोजपट्टीवर औषधाने सौम्य रुग्णांचे गुण सरासरी ८ ने उतरले आणि औषध नसलेल्या साध्या गोळीने ७ ने. तीव्र आजाराच्या रुग्णांत औषधाने १३ ने उतरले आणि साध्या गोळीने ७ ने. दोन्ही गट सारख्या आकाराचे असतील तर औषधाचा सरासरी फायदा साडेतीन गुणांचा निघतो. पण सौम्य रुग्णाला मिळाला एक गुण आणि तीव्र रुग्णाला सहा. साडेतीन गुणांचा फायदा झालेला रुग्णगट अस्तित्वातच नाही. आलेख काढला तर सौम्य आणि तीव्र गटांच्या रेषा समांतर जात नाहीत. त्या समांतर नाहीत, हेच सांगणारा वाटा म्हणजे परस्परपरिणाम. तो मोठा असेल तर नुसती सरासरी छापणे ही दिशाभूल ठरते.

असाच प्रश्न अमेरिकेत प्रत्यक्ष तपासला गेला. तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने नैराश्याच्या २५० रुग्णांवर झालेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे चार गट होते. दोन गटांना बोलण्यातून होणाऱ्या दोन वेगवेगळ्या थेरपी, तिसऱ्याला इमिप्रामिन हे औषध, चौथ्याला साधी गोळी. गोळी मिळणाऱ्या दोन्ही गटांना डॉक्टर नियमित भेटत, विचारपूस करत, धीर देत. सोळा आठवड्यांनी सर्व रुग्ण एकत्र पाहिले तर उपचारांमध्ये फारसा फरक दिसला नाही. आजाराच्या तीव्रतेनुसार रुग्ण वेगळे केल्यावर चित्र बदलले. तीव्र नैराश्य असलेल्यांत औषध साध्या गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. सौम्य गटात मात्र चारही उपचारांत फरक आढळला नाही. आपुलकीने विचारपूस करणारा डॉक्टर आणि साधी गोळी एवढ्यावरही त्यांच्यात सुधारणा दिसत होती.

या निष्कर्षाचे दोन टोकांचे अर्थ काढले गेले. ‘नैराश्याची औषधे बिनकामाची’ असे एक टोक, ‘औषधाशिवाय नैराश्य जात नाही’ असे दुसरे. मूळ आकडे यांपैकी एकालाही आधार देत नाहीत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तीव्रतेनुसार औषधाचा फायदा किती वाढतो, याविषयी पुढच्या काळात अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासण्या झाल्या, आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. काहींत हा फरक ठळक दिसतो, काहींत किंचित, काहींत जवळपास नाही. परस्परपरिणाम एकदा दिसला म्हणजे तो सिद्ध झाला असे होत नाही, हा धडा इथून सुरू होतो.

तो धडा सर्वांत कठोरपणे शिकवला एका जनुकाने. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा एक नावाजलेला अभ्यास आहे. त्यातील ८४७ जणांच्या माहितीवरून २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात आहे, त्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य येण्याचा धोका अधिक असतो. एकटे जनुक नव्हे, एकटा आघातही नव्हे, तर दोघांचा परस्परपरिणाम. कल्पना मोहक होती आणि मनाला पटणारीही. जगभर तिच्यावर लेख, पुस्तके, पुढचे अभ्यास यांचा पाऊस पडला. २००९ मध्ये १४ अभ्यासांतील १४,२५० जणांची माहिती एकत्र तपासली गेली. आघातांमुळे नैराश्याचा धोका वाढतो, हे पुन्हा दिसले. जनुकाशी असलेला परस्परपरिणाम मात्र दिसला नाही. त्यानंतरच्या आणखी मोठ्या तपासण्यांतही तो टिकला नाही.

असे का होते, याचे उत्तर गणितात आहे. उपचाराचा सरासरी परिणाम मोजताना निम्म्या रुग्णांची तुलना निम्म्यांशी होते. परस्परपरिणाम मोजताना दोन फरकांमधील फरक मोजावा लागतो आणि प्रत्येक खणात फक्त चौथाई रुग्ण असतात. त्यामुळे त्याच आकाराचा परस्परपरिणाम तेवढ्याच खात्रीने पकडायला सुमारे चौपट रुग्ण लागतात. तो आकाराने लहान असेल तर याहून कितीतरी अधिक. दीडशे रुग्ण घेऊन वय, लिंग, शिक्षण, वैवाहिक स्थिती, उत्पन्न अशा दहा घटकांशी उपचाराची गाठ घालून पाहिली, तर काहीतरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता बरीच असते. ते निव्वळ योगायोगाचे असण्याची शक्यताही तेवढीच दाट असते. गोव्याच्या अभ्यासालाही ही सावधगिरी लागू आहे. ठिकाणे २४ च होती, त्यामुळे सरकारी केंद्रांतील फायद्याचा अंदाज बराच रुंद आहे. बरे होण्याची शक्यता नाममात्र वाढण्यापासून दुपटीहून अधिक होण्यापर्यंत खरा आकडा कुठेही असू शकतो. पण सरकारी-खासगी हा फरक अभ्यासाच्या रचनेतच होता, आकडे हाती आल्यावर शोधलेला नव्हता. म्हणून त्याला अधिक वजन द्यावे लागते.

दुसरी चूक याहून साधी आणि अधिक सर्रास आहे. ‘स्त्रियांमध्ये उपचाराचा परिणाम लक्षणीय आढळला, पुरुषांमध्ये आढळला नाही; म्हणून हा उपचार स्त्रियांना अधिक लागू पडतो,’ असे वाक्य शोधनिबंधांत सर्रास दिसते. ऐकायला ते बरोबर वाटते, पण ते चूक आहे. कदाचित दोघांतही फायदा जवळपास सारखाच असेल आणि पुरुष संख्येने कमी असल्यामुळे तो ‘लक्षणीय’ या रेषेच्या जरा अलीकडे राहिला असेल. एका विद्यार्थ्याला ३६ गुण मिळून तो पास झाला आणि दुसरा ३४ मिळून नापास झाला, म्हणून पहिला हुशार आणि दुसरा ढ, असे म्हणण्यासारखेच हे आहे. दोन गटांतील फायद्यात फरक आहे का, हे थेट तपासले पाहिजे, आणि परस्परपरिणामाचा वाटा तेच काम करतो. २०११ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मेंदूविज्ञानातील पाच अग्रगण्य नियतकालिकांतील ५१३ शोधनिबंध तपासले गेले. ही चूक करण्याची संधी १५७ निबंधांत होती. ७८ निबंधांनी बरोबर पद्धत वापरली, ७९ निबंधांनी चुकीची. जगातील नामवंत प्रयोगशाळांची ही स्थिती असेल, तर आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रबंधांविषयी वेगळे काय बोलावे?

पद्धतीच्याही मर्यादा आहेत आणि मानसिक आरोग्यात त्या पावलोपावली भेटतात. टू-वे ॲनोव्हाला मोजपट्टीवरचे गुण लागतात. गोव्यासारखे ‘बरा झाला की नाही’ असे उत्तर असेल तर गणित वेगळे करावे लागते, प्रश्न मात्र तोच राहतो. प्रत्येक निरीक्षण स्वतंत्र असायला हवे. एकाच रुग्णाचे गुण दर महिन्याला मोजून ते चार वेगळ्या रुग्णांचे असल्यासारखे मांडता येत नाहीत. मधेच येणे बंद केलेले रुग्ण हिशेबातून गुपचूप वगळले तर उरलेले आकडे आपोआप चांगले दिसतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले नसेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. ओपीडीत तीव्र आजाराच्या रुग्णाला औषध दिले जाते आणि सौम्य रुग्णाला समुपदेशन. साहजिकच औषधाच्या गटात अधिक आजारी माणसे जमा होतात. अशा नोंदी नंतर चार खणांत भरून ‘समुपदेशन औषधापेक्षा चांगले’ असे सांगणे म्हणजे अतिदक्षता विभागात अधिक मृत्यू होतात म्हणून तो बंद करा, असे म्हणण्यासारखे आहे.

मग करायचे काय? पहिली जबाबदारी संशोधकांची आणि त्यांच्या मार्गदर्शकांची आहे. मानसोपचारशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. वेळ थोडा, रुग्ण मोजके, आणि संख्याशास्त्रज्ञाची आठवण होते ती आकडे गोळा झाल्यावर. हा क्रम उलटा व्हायला हवा. कोणत्या दोन घटकांचा परस्परपरिणाम पाहायचा, का पाहायचा आणि त्यासाठी किती रुग्ण लागतील, हे पहिला रुग्ण घेण्याआधी कागदावर यायला हवे. उपचारांची चाचणी असेल तर ते देशाच्या चाचणी नोंदणी व्यवस्थेत नोंदवायलाही हवे. एका महाविद्यालयाला तेवढे रुग्ण मिळणार नसतील, तर पाच-सहा महाविद्यालयांनी एकच प्रश्न, एकच मोजपट्टी आणि एकच नोंदवही वापरून मिळून काम करावे. पाच अपुऱ्या प्रबंधांपेक्षा असा एक पुरेसा प्रबंध रुग्णांच्या अधिक कामाचा ठरेल. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी परस्परपरिणामाचा निष्कर्ष ‘पुढे तपासून पाहावा असा अंदाज’ म्हणून प्रामाणिकपणे लिहावा. त्यात कमीपणा नाही.

दुसरी जबाबदारी आरोग्य यंत्रणेची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे अहवाल बहुधा एकूण रुग्ण आणि एकूण समुपदेशने मोजतात. कोणत्या केंद्रात, कोणत्या रुग्णाला, किती फायदा झाला, हे त्या बेरजेत दिसत नाही. नवीन समुपदेशक टप्प्याटप्प्याने नेमायच्याच असतील, तर पहिल्या टप्प्यातील केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि ग्रामीण-शहरी असे दोन प्रकार आधीच ठरवून दोन्हींतील फरक मोजावा. त्यासाठी वेगळा निधी फारसा लागत नाही. लागते ती आधी विचार करून नोंद ठेवण्याची सवय.

वाचक आणि रुग्ण यांच्यासाठीही यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. ‘नैराश्याच्या औषधांचा फारसा उपयोग नाही’ असा मथळा वाचून सुरू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या अचानक थांबवल्याने त्रास होऊ शकतो आणि आजार उलटण्याचा धोकाही असतो. बातमीतील रुग्ण कोण होते, त्यांचा आजार सौम्य होता की तीव्र, त्यांना औषधाबरोबर आणखी काय मिळत होते आणि त्यांच्याशी आपले काय जुळते, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. डॉक्टरांनीही या प्रश्नाला वेळ द्यावा. ओपीडीतील गर्दी हे त्या प्रश्नाला टाळण्याचे कारण होऊ नये. गोव्यातील चार खणांपैकी मागे पडलेल्या एकमेव खणातला रुग्ण सरकारी केंद्रातलाच होता, आणि कोणीतरी त्याच्याशी नीट बोलायला बसल्यावर तो इतरांच्या बरोबरीला आला होता.